पिशवीला सूज

वानखेडे सिस्टर कोणत्याही बाईशी बोलायला बसल्या, की आधी तिच्या सासूला बाहेर पाठवायच्या. "आत्याबाई, एवढा केसपेपर घेऊन लॅबच्या खिडकीवर जा बरं. शिक्का मारून आना. बिनशिक्क्याचं औषध भेटत नाही." सासू लगबगीनं येऊन रांगेत उभी राहायची. लॅबच्या खिडकीत मी बसायचो, शिक्काही माझ्याकडेच होता, आणि औषधासाठी त्या शिक्क्याची कोणालाही काडीची गरज नव्हती.

ही गोष्ट आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून त्याच बाजाराला येतात. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळायला लागल्या, त्याच्या थोडं आधीचे दिवस. मी बुलढाण्याच्या कारकुनाचा मुलगा, नवा नवा लॅब टेक्निशियन, नियमांचं पुस्तक तोंडपाठ. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांना सांगायला गेलो, की या शिक्क्यामुळे उगाच गर्दी होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी आपले शिक्के मारा. पन जरा सवडीनं मारा."

सासू रांगेत असायची ती सात-आठ मिनिटं सिस्टरांची. त्यांच्या टेबलाच्या आणि माझ्या लॅबच्या मध्ये प्लायवूडची एक फळी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सिस्टर अमडापूरच्या, माळ्याच्या घरातल्या. आवाज असा, की एका वाफ्यातून दुसऱ्या शेतातल्या माणसाला हाक जावी. सोमवारी गावाहून येताना पिशवीभर आंबाडी आणि वांगी आणायच्या आणि सगळ्या स्टाफला दरडावून वाटायच्या. पण त्या सात-आठ मिनिटांत त्यांचा आवाज असा खाली यायचा, की मला फळीला कान लावावा लागे. आणि मी लावत असे, हेही आता सांगून टाकतो.

"हे पाह्य माय, हा आजार कोनाच्या तोंडावर लिहेल नसते. चांगल्या मानसाले होते, तुह्यासारख्या चांगल्या बाईले होते. घरवाला किती दिवस बाहेर रायते?" मग अंगावरून पांढरं जातं का, जखम आहे का, हे विचारायच्या. दोघांनीही औषध घ्यायचं, एकट्या बाईनं घेऊन भागत नाही, हे दोनदा सांगायच्या. निरोधचं पाकीट फोडून अंगठ्यावर चढवून दाखवायच्या. बाई पदरात तोंड लपवून हसायची. आणि मग हमखास तो प्रश्न यायचा. "मी घरी हे म्हनलं तर तो मारन मले. म्हनन, तुले काऊन पायजे?"

"मंग तू म्हनूच नको. माह्यावर ढकल. म्हन, सिस्टरनं सांगतलं, पिशवीले सूज हाय. सूज उतरेपर्यंत हे लावल्याबिगर जवळ यायचं नाही, नाही तं पुढं पोरगं टिकनार नाही." आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरात, नवऱ्याला वाचता येईल असं लिहायच्या : पिशवीला सूज.

आमच्या भागात बायकोनं नवऱ्याला निरोध लाव म्हणणं म्हणजे एक तर त्याच्यावर आळ घेणं, नाही तर स्वतःवर ओढवून घेणं. पण सूज म्हटली की कोणाचाच दोष नाही, आणि पोरगं टिकणार नाही म्हटलं की सासूच पाकिटं आठवणीनं मागून न्यायची. मला मात्र हे खपत नव्हतं. एकदा म्हणालो, "सिस्टर, सरकारी कागदावर तुम्ही खोटं लिहिता."

"बाईले म्या काई खोटं सांगतलं काय? तिले सगळं खरं सांगतलं."

"पण तिच्या नवऱ्याला?"

"भाऊ, खरं बोलाले मांगं कोनी उभं लागते. हिच्यामांगं कोन उभं हाय, सांगा."

मला त्यांचा रागच आला. त्या वयात मी फार शहाणा होतो.

रेखा त्यातलीच एक. नाव बदललं आहे. बावीस-तेवीस वर्षांची, नवरा सरकीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस गुजरातकडे. सिस्टरांनी तिला रक्त द्यायला माझ्याकडे पाठवलं. तपासणी मीच केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. फळीपलीकडून सिस्टर तिला म्हणाल्या, "आज तू कोरी हायेस. आता कोरीच राह्य." पाकिटं घेऊन ती गेली. महिन्यानं पुन्हा आली, आणखी पाकिटं घेऊन गेली. म्हणजे सुजेचा उपयोग होत होता.

त्यानंतरची एक सकाळ. बाहेर पन्नासएक माणसं बाकांवर बसली होती आणि मी खिडकीतून ओरडलो, "गुप्तरोगाचा रिपोर्ट कोणाचा आहे? नाव पुकारू का?" कोणी उठलं नाही. सिस्टर आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "भाऊ, बाजारात कांदे इकून राह्यले काय? बंद करा तोंड." बाकावरची माणसं हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या बरोबर होत्या हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तो जास्तच झाला.

त्याच सकाळी, तासाभरानं, रेखाचा नवरा खिडकीवर आला. वाईट माणूस नव्हता हो. हातात बायकोचा केसपेपर, आवाजात अदब. "साहेब, हे पाहा बरं. तीन महिने झाले. हे सूज किती दिवस रायते?"

मला एवढंच म्हणता आलं असतं, की सिस्टरांना विचारा. किंवा, अजून आहे. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "कसली सूज? रक्त, लघवी, सगळं मीच तपासलंय. तुमची बायको ठणठणीत आहे."

"मंग सिस्टरनं काऊन लिहिलं?"

"त्या सगळ्याच बायकांना सूज आहे म्हणून लिहितात." आणि मी हसलो. त्या हसण्याची आठवण आली की आजही मला घरातल्या आरशासमोर उभं राहवत नाही.

त्यानं केसपेपरची घडी घालून खिशात ठेवली आणि तो गेला. दुपारच्या चहापर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो.

रेखा यायची बंद झाली. सिस्टरांनी गावच्या अंगणवाडीबाईकरवी दोनदा निरोप पाठवला. काही उत्तर नाही. वर्ष उलटून गेल्यावर ती आली, सासूबरोबर, चार महिन्यांची गरोदर. सासू शिक्क्याच्या रांगेत उभी राहिली. रक्त मी घेतलं, किटवर थेंब टाकला आणि वाट पाहत बसलो. पॉझिटिव्ह. दुसऱ्या किटवर केलं, तिसऱ्यावर केलं. जुनं रजिस्टर काढलं. तिथे माझ्याच अक्षरात निगेटिव्ह लिहिलेलं, खाली माझीच सही. मधे काय झालं, हे त्या दवाखान्यात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

सिस्टरांनी रिपोर्ट पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या आत गेल्या आणि त्या दिवशी सासूला दोन वेळा रांगेत उभं केलं. फळीपलीकडून रडणं ऐकू येत होतं. मधूनमधून सिस्टर म्हणत होत्या, "लेकराले वाचवता येते. आयक माह्यं. लेकराले वाचवता येते." मी त्या दिवशी कान लावला नव्हता. ते तसंच ऐकू येत होतं.

आणि लेकरू वाचलं. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं म्हणून सिस्टर स्वतः तिच्या गावी जाऊन बसल्या, आईला आणि बाळाला वेळेवर औषध दिलं, नवऱ्याला समजावून त्याचंही रक्त तपासून घेतलं. तोही पॉझिटिव्ह होता. पुढे दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. दर सहा महिन्यांनी रेखा रक्त द्यायला माझ्याकडे यायची. "भाऊ, बरे हा ना?" म्हणायची आणि हात पुढे करायची. मी सुई फार जपून टोचायचो. तिला काही माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि त्या आधारावर मी बरीच वर्षं नीट जेवलो, झोपलो.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मला करायला लावलं. मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो, आंबाडीबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. हार घातलेल्या सिस्टर खाली मान घालून ऐकत होत्या. रेखाबद्दल बोललो नाही.

त्यांना अर्धांगवायू झाल्याचं कळलं तेव्हा अमडापूरला गेलो. भावाच्या घरी, ओसरीत खाटेवर होत्या. बोलणं जड झालेलं, पण समजत होतं. भावजय चहा करायला आत गेली तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, रेखाच्या नवऱ्याला सूज खोटी आहे म्हणून सांगितलं, ते मी."

"मायीत हाय."

"केव्हापासून?"

"रिपोर्ट आला त्याच दिवशी. रेखानंच सांगतलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं हात पुढे करणाऱ्या त्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, "मग ती मला कधी बोलली कशी नाही? तुम्ही तरी का नाही बोललात?"

सिस्टरांच्या तोंडाची एक बाजू हलत नव्हती. "रक्त तुमच्याच खिडकीवर द्या लागते तिले. तुमच्याशी भांडून कुठी जाईन ते?"

मी माफी ऐकायला गेलो होतो, हे मला तेव्हा कळलं. चहा न घेताच उठलो. पंधरा दिवसांनी सिस्टर गेल्या.

पुढच्या खेपेला रेखा आली. सोबत मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. मी दोघींना आत बोलावलं, मुलीला स्टुलावर बसवलं आणि रेखाला म्हणालो, "ताई, त्या दिवशी तुमच्या नवऱ्याला मी जे बोललो..."

तिनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"आधी रक्त घ्या भाऊ. माही बस निघून जाईन."