दुखत नाही

गल्लीत सगळे त्याला फौजी म्हणत. बर्फातल्या चौकीवर तीन हिवाळे काढले आणि त्याचा डावा पाय घोट्याखाली कायमचा बधिर झाला. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तेव्हा तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "पाय दुखतो का?"

फौजी सरळ माणूस. "नाही साहेब, अजिबात दुखत नाही," असं त्याने ठणकावून सांगितलं. अरे बाबा, दुखायला आधी जाणवायला नको का? पण पुढचं कुणी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय साहेबापुढे तोंड उघडायची खोड पलटणीने केव्हाच मोडली होती. डॉक्टर तेवढंच लिहून मोकळे झाले.

आज ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी निकाल वाचून दाखवला. 'वेदना नाही. अर्ज नामंजूर.'

"काका, तुम्हीच सांगितलंय ना असं?" त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. कागदाची नीट घडी करून खिशात घातली, बस समोर उभी असूनही चालत घरी आला आणि खुर्चीत बसून राहिला.

बायको पाणी घेऊन आली आणि थबकली. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठिपके होते. तिने खाली बसून त्याची डावी चप्पल ओढून काढली. चपलेचा खिळा वर येऊन टाचेत रुतला होता.

"अगं बाई! अहो, एवढं रुतलंय, दुखत नाही का?"

फौजीने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला.

"नाही," तो म्हणाला. "आता तर त्यावर शिक्काही बसलाय."