अजून गार हाय

“थांब बे, अजून गार हाय.” आमच्या ह्यांचं शेवटचं बोलणं एवढंच. पौषातली पहाट, अंगणात गारठ्यानं आमचे दात वाजत होते आणि ह्यांच्या अंगावर मात्र घामाच्या धारा. छातीत कळ आलेली. जीपच्या मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून हे इंजन गरम व्हायची वाट बघत होते! शेजारचे युसूफभाई, गाड्यांचे मिस्त्री, स्टिअरिंगवर बसलेले. त्यांनी गिअर टाकायला हात नेला की हे त्यांना अडवायचे. मी ओरडले, “अहो, जीव चाललाय आणि इंजन कसलं गरम करताय?” शेवटी युसूफभाईंनी ऐकलंच नाही, गाडी काढली. कपिलधारच्या फाट्यापुढं माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आणलं असतं तर...” आणि पुढचं न बोलता आत गेले. ते अर्धं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

पेपरात नाव द्यावं लागतं म्हणून लिहिते, दत्तात्रय. एरवी मी ते फक्त उखाण्यात घेतलं. मी नेकनूरला अंगणवाडीत शिकवते आणि हे नेकनूर-बीड जीप चालवायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच थंडीत मला वाटलं, हा माणूस बायकोपेक्षा गाडीचे लाड जास्त करतो. भल्या पहाटे उठायचं, इंजनाच्या हिटरचा लाल दिवा विझेस्तोवर चावी धरून बसायचं, मग चावी मारायची. इंजन आधी खोकायचं, सगळ्या गल्लीत पांढरा धूर सोडायचं, पत्रा वाजवल्यासारखं खडखडायचं. हे बॉनेटवर तळहात ठेवून उभे. आवाज मऊ पडला, धूर विरला की मग निघणार. “डिझेल काय तुमच्या सासऱ्यानं भरून दिलंय का?” मी म्हणायचे. त्यावर हसून म्हणायचे, “झोपेतनं उठवून तुलाबी कुनी पळाया लावलं तर पळशील का? तिला जरा सुदीवर तर येऊ दे. तवर तू चहा टाक.”

खरं सांगायचं तर आमचा सगळा संसार त्या खडखडाटात बोलून झालाय. हा माणूस मुळात अबोल. दिवसभर फेऱ्या, संध्याकाळी जेवलं की आडवा. पण इंजन चालू झालं की ह्यांना कंठ फुटायचा. हातात कपबशी, पाठ बॉनेटला टेकलेली, आणि मी समोर झाडू घेऊन. वैशूला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका पोरीला, बीडला शिकायला ठेवायचं का, ते तिथंच ठरलं. सासूबाई गेल्यावर हे एकदाच रडले, तेही तिथंच, इंजनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी झाडू टाकला आणि नुसती जवळ जाऊन उभी राहिले.

मग वैशूचं लग्न झालं, कडा गावी दिली. ती माहेरी आली की परत जाताना हेच तिला जीपनं बीडच्या स्टँडवर सोडायचे. आणि त्या दिवशी इंजन काही केल्या गरमच व्हायचं नाही बघा! एकदा तर ऐन चैत्रात, डोक्यावर ऊन, अंगणात पाय ठेववत नाही, आणि हे आपले बॉनेटवर हात ठेवून, “अजून गार हाय.” वैशू म्हणाली, “बाबा, माझी एसटी जाईल ओ.” “दुसरी येती की. बस, आईच्या हातचा अजून एक कप घे.” मी कपाळाला हात लावला. म्हटलं, वयानं माणूस खुळावला.

ह्यांच्यामागं मला दुःखाआधी राग आला, तो लिहायला मला लाज वाटत नाही. बाई गं, आयुष्यभर गाडीच्या नादानं डिझेल जाळलं ते जाळलं, शेवटी जीवही त्याच नादात घालवला! तो राग गिळताही येईना. एक दिवस युसूफभाई जीपची बॅटरी बघायला आले तेव्हा त्यांना विचारलंच, “भाई, खरं सांगा. त्या दिवशी गाडी एवढी गार होती का?”

ते पाना खाली ठेवून ओट्यावर बसले. “न्हाई भाभी. डिझेल इंजन लई गारठ्यात बी थोडा वेळ चालवलं की बास. तेल सगळीकडं फिरलं की हळूहळू काढायची. उभ्या गाडीत ते धड तापतच न्हाई, तापतं ते रस्त्यावर. दत्तूला का हे म्हाईत नव्हतं? मला त्यानंच शिकवलंय.”

“मग थांबवत का होते?”

युसूफभाईंनी डोळे पुसले. “मी आरशातनं बघत हुतो भाभी. तो गाडीकडं बघतच नव्हता. तुमच्याकडं बघत हुता.”

चैत्रातलं ते ऊन आठवलं, वैशूची बॅग आठवली. ह्यांना कुणी जाऊ नये असं वाटलं की इंजन गार असायचं. त्या पहाटे जाणारे हे स्वतःच होते, आणि ते ह्यांना कळलं होतं. मला नाही कळलं. मी आपली ओरडत होते. डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य अजून आहेच, ते कुठं जात नाही. पण राग गेला. आता नुसतं रडू येतं.

परवा वैशू ह्यांच्या मासिक श्राद्धाला आली होती. निघायच्या दिवशी जावईबापूंनी जीप चालू केली, पोरीनं बॅग खांद्याला लावली, माझ्या पाया पडली. “येते गं आई.” फाल्गुनाचं ऊन चढलेलं. माझं मलाच कळलं नाही, मी पुढं जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला. असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. हात तसाच ठेवला.

“अजून गार हाय,” मी म्हणाले. “बसा जरा. चहा टाकते.”

जावईबापू माझ्याकडं बघतच राहिले. वैशूनं खांद्यावरची बॅग काढून ओट्यावर ठेवली.