फायनलचं गाऱ्हाणं

मूर्खपणा कबूल करायचा तर तो पुरता करावा. आमच्या वाडीच्या क्रिकेट टीममधून एका माणसाला वगळल्याची बातमी मी त्याच्याआधी देवाला दिली. तीही माइकवरून. आणि तो माणूस माझ्या मागे चार हातांवर उभा होता.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. वय तसं कोवळंच. नातवंडं झाली म्हणजे अक्कल आली, अशी एकसष्टीतल्या त्या बाईची समजूत होती. त्यात मुलाने नवा फोन पाठवलेला. सामन्याचं चित्रण त्यावर यायचं, आणि चष्मा लावून, मध्येच थांबवून, मागे नेऊन मी ते पाहायची. दोन महिन्यांत मला क्रिकेटमधलं सगळं कळायला लागलं होतं. आज त्यातलं निम्मंही कळत नाही, म्हणजे प्रगती आहे.

त्या वर्षी आमची टीम ओळीने सहा सामने जिंकली. वाडीला ही सवय नव्हती. एरवी आम्ही पहिल्याच रविवारी हरून दुपारच्या जेवणाला घरी यायचो. आता दर रविवारी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट मैदानात, तापल्या कातळावर गोणपाट टाकून बसायचं, आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर पुन्हा तोच सामना तोंडाने खेळायचा. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. कुणी कुठे बसावं याबद्दल त्यांची मतं तेव्हापासूनच ठाम. तिसरा सामना जिंकल्यावर त्यांनी गोणपाटावरच्या आमच्या जागासुद्धा ठरवून टाकल्या. मी डावीकडे, ते उजवीकडे, मध्ये पाण्याची कळशी. पाचव्या सामन्यात मी चुकून कळशी हलवली आणि आमची एक विकेट पडली, तर आठवडाभर मला ते ऐकून घ्यावं लागलं.

आमचा कीपर आमचा शेजारी. रत्नागिरी स्टेशनला रिक्षा लावायचा. चाळिशी गाठलेली, गुडघे कुरकुरणारे. पंधरा वर्षं तोच कीपिंग करत होता, कारण दुसऱ्या कुणाला ते नको असायचं. दिवसभर उकिडवं बसायचं, झेल घेतला तर बोलरचं कौतुक आणि सुटला तर कीपरला शिव्या. पंधरा वर्षांत फायनल म्हणून त्याने पाहिली नव्हती. सहावा सामना जिंकलो त्या संध्याकाळी तो ओटीवर येऊन मला म्हणाला होता, "काकी, एवढी एक फायनल खेळतो आणि ग्लोव्हज ठेवून देतो. गुडघे आता रिक्षेलाच लागतात." बायकोच्या माहेरची माणसंही सामना बघायला येणार होती. हे सगळं मला ठाऊक होतं. हे लिहून ठेवते, कारण नंतर 'मला काय माहीत' असं म्हणायची सोय राहू नये.

कॅप्टन म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो ओटीवर आला. चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला. रिकामा होता.

"मोठी आई, तो मुंबईवाला आलाय शिमग्याला."

मुंबईवाला म्हणजे वाडीतलाच एक चाकरमानी. तिकडे मोठमोठ्या स्पर्धांमध्ये कीपिंग करायचा, वर बॅटिंगही.

"मग खेळव ना," मी म्हटलं.

"कुणाच्या जागी?"

"कुणाच्या म्हणजे? कीपरच्या जागी कीपर."

हे पेपर वाचत होते, म्हणजे तसं दाखवत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "जिंकती टीम मोडू नये. सहा सामने ज्यांनी काढले, सातवा त्यांनीच काढायचा."

"सहा सामने कळशीने काढले ना?" मी म्हटलं. "मागच्या सामन्यात दोन झेल सुटले त्याच्या हातून. एक चेंडू तर दोन पायांमधून गेला, चौकार. मी तीनदा पाहिलाय फोनवर."

"तू फोनवर पाहिलास, त्याने उन्हात उभं राहून सोडला," हे म्हणाले.

"सोडला ना पण?"

पुतण्या खाली मान घालून बसला होता. त्यालाही तेच वाटत होतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी म्हणावं अशी इच्छा होती. मी म्हटलं. एकदा नाही, चहाचे दोन कप होईपर्यंत म्हणत राहिले. शेवटी तो उठला. "बरं. पण त्याला मीच सांगणार. उद्या नारळ फुटला की बाजूला घेऊन सांगतो. तुम्ही कुणी काही बोलू नका."

"आम्ही कशाला बोलू?" मी म्हटलं. खरंच म्हटलं.

आता नारळाचं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना नारळ पुढे ठेवून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस देवाला सगळी हकिगत ऐकवतो, काय करतोय, कुणासाठी करतोय, देवाने काय सांभाळायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्यांनी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वाक्यात काय होतं याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. ही जिभेची लहानपणापासूनची सवय. गाऱ्हाणं घालणारे वाडीतले म्हातारे आजोबा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला गेले होते. मैदानावर सगळे एकमेकांकडे बघत होते, ह्यांना तर चार माणसांत बोलायचं म्हटलं की खोकला येतो. मी पदर खोचला आणि पुढे झाले. "बाईमाणसाने?" असं कुणीतरी पुटपुटलं. मी म्हटलं, "देवाला बाईचा आवाज ऐकू येत नाही की काय?" त्या उत्तरावर मी फार खूश झाले. कॉमेंट्री करणाऱ्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि मी आणखी खूश झाले.

गाऱ्हाण्यात काही लपवायचं नसतं, नाहीतर ते लागत नाही असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यामुळे मी अगदी सविस्तर सुरुवात केली.

"हे गावच्या राखणदारा, आज तुझी लेकरं तुझ्यापुढे उभी आहेत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सहा सामने त्यांनी मारले, ते तुझ्या आशीर्वादाने मारले, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कीपरचा. त्याचा आवाज तसा नेहमीच मोठा, स्टेशनवर गिऱ्हाईक बोलावून कमावलेला. माझ्या अंगात वारं भरलं.

"मुंबईसून आलेला कीपर आज पहिल्यांदा ह्या कातळावर उभा राहतोय, त्याच्या हातात चेंडू बसू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्याला त्याच्यासाठी बसवला, त्याच्या मनात कसलं वंगाळ येऊ देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यातही सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. मग माइकची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मी मागे वळले. त्याने ग्लोव्हज घातलेले होते. तो पुतण्याकडे बघत होता आणि पुतण्या नारळाकडे. कातळावर गोणपाट टाकून बसलेली त्याच्या बायकोच्या माहेरची माणसं एकमेकांना विचारत होती, "कोणाला बसवला? कोणाला?"

कुणीतरी घाईघाईने नारळ फोडला.

कीपरने ग्लोव्हज काढले आणि मुंबईवाल्याला दिले. "हे घे. डाव्या ग्लोव्हच्या बोटाला टेप लावलाय तो काढू नको. आणि इथे चेंडू कातळावरून कधी कधी उठतच नाही. गुडघा टेकूनच घे." मग तो सीमारेषेजवळ जाऊन बसला. बायकोच्या माणसांजवळ बसला नाही.

आम्ही पहिली बॅटिंग केली. मुंबईवाल्याने चांगल्या धावा काढल्या. माझी निवड बरोबर होती, हे कळत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. ह्यांनी कळशी सरळ केली, माझ्याकडे बघितलं नाही, म्हणाले, "देवाला अजून काही सांगायचं राहिलंय का?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आमच्या संसारात असे प्रसंग थोडे.

शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्या टीमला पाच धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. मैदानात काय झालं ते मी पाहिलं नाही. मी सीमारेषेवर बसलेल्या माणसाकडे बघत होते. चेंडू टाकला जायच्या आधीच त्याने बसल्या जागी आपला उजवा गुडघा जमिनीला टेकवला होता. मग आरडाओरडा झाला. बॅटला लागून खाली खालीच आलेला झेल मुंबईवाल्याने गुडघा टेकून घेतला होता. सातवा सामनाही आम्ही जिंकलो. आमचा कीपरही उठून टाळ्या वाजवत होता, त्या कुठे कमी पडत नव्हत्या, मी नीट पाहिलं. नंतर त्याने बायकोच्या माणसांना टेम्पोत बसवून दिलं.

बक्षीस समारंभाला हे थांबले. मला थांबवेना. मी उतार उतरून रस्त्याला आले, तर तो रिक्षा घेऊन उभा होता. "चला काकी, घरीच जातोय."

मी मागे बसले.   सडा उतरल्यावर म्हटलं, "तुला काढायचं मीच सांगितलं होतं त्याला. काल, ओटीवर. त्याच्या मनात नव्हतं असं नाही, पण लावून धरलं ते मी. आणि आज हे असं झालं."

त्याने वळणावर हॉर्न दिला. समोरून काही येत नव्हतं.

"ठाऊक आहे. टीम तुम्ही बरोबर निवडलीत, काकी. तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा मलाच बसवला असता. पण आधी माझ्याकडे यायचं होतंत. मला नुसतं विचारलं असतंत, तरी व्हय म्हटलं असतं मी."