मंजुळाच्या चार काड्या

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण मंजुळा वैतीसमोर मी म्हणजे गरीब गाय. बाई खारदांड्याची. सकाळी मासळी विकते, दुपारी फाटकी जाळी दुरुस्त करते, आणि कुणी लबाडी केली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. शिक्षण चौथीपर्यंत. तिची निशा आमच्याकडे सातवीत आहे.

गणिताच्या चाचणीत निशाला वीसपैकी अकरा पडले. शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात बसायला बारा लागतात. बाहेरचा क्लास मंजुळाला परवडणार नाही, म्हणजे हा वर्ग गेला की सगळंच गेलं. एका मार्कानं पोरगी बाहेर!

तो मार्क कुठे गेला ते ऐका. दहा सेंटीमीटर बाजूचा चौरस ढकलून तिरपा केला, बाजू तेवढ्याच ठेवल्या, तर क्षेत्रफळ किती? उत्तरसूचीत होतं शंभर. निशानं लिहिलं, ‘शंभरपेक्षा कमी’. गणिताच्या हर्षद सरांनी लाल फुली मारली. मी मराठी शिकवते, भूमितीशी माझं दहावीनंतर बोलणं नाही. मलाही शंभरच बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंजुळा निशाला हाताशी धरून थेट शिक्षकांच्या खोलीत. जाळ्याच्या एकेका भोकाला दांड्यात आस म्हणतात. ती म्हणाली, “सर, जाळं ओढलं की आस मिटतो. दांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.”

हर्षद सर हसले. “ताई, हे जाळं नाही, भूमिती आहे.”

ते हसणं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. अरे, ऐकून तरी घे ना! मंजुळानं कोपऱ्यातला खराटा उचलला, चार काड्या ओढल्या, पट्टीला लावून दहा-दहा सेंटीमीटरला मोडल्या आणि कनवटीच्या सुतळीनं टोकं बांधली. झाला चौरस. तो तिनं सेंटीमीटरच्या चौकटींच्या वहीवर ठेवला. “मोज गं.” निशानं मोजले, शंभर घरं. मंजुळानं एक कोपरा ढकलला. ऐंशीच्या आसपास. आणखी ढकलला, पन्नास. शेवटी काड्या एकमेकींना चिकटल्या आणि आत काहीच उरलं नाही.

“काड्या त्याच चार. मग आतली जागा कुणी खाल्ली, सर?”

माझे तर डोळे उघडले. दुसरा कुणी असता तर ‘चुकलं बुवा’ म्हणून मोकळा झाला असता. सर म्हणाले, “सूची वरून येते, मला बदलता येत नाही.” मुख्याध्यापिकांनी फेरपरीक्षेचं गाजर दाखवलं. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘कृतीतून शिक्षण’. पुठ्ठ्याचे त्रिकोण-चौकोन काचेच्या कपाटात कुलुपात असतात, साहेब तपासणीला आले की फोटोपुरते बाहेर येतात. आणि खरी कृती करून दाखवणाऱ्या बाईला आम्ही दाराकडे बोट दाखवलं. लाज वाटली पाहिजे आम्हाला.

फेरपरीक्षा झाली. या वेळी पेपर सरांनीच काढला होता; बाकीचे प्रश्न बदलले, तो एक मात्र तसाच ठेवला. हट्ट, दुसरं काय! वर्गावर मी होते. निशानं आधी लिहिलं, ‘कमी’. मग पेन्सिल थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. खोडलं. ‘१००’ लिहिलं.

‘राहू दे, तुझंच बरोबर आहे’ एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. बारा पडू देत बिचारीला, असं मनात आलं आणि मी खिडकीकडे वळले.

बरोबर बारा पडले. यादीत नाव लागलं. उत्तरपत्रिका घेऊन मी स्वतः दांड्याला गेले, म्हटलं आपणच गोड बातमी द्यावी. मंजुळा जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून विणत बसली होती, शेजारी निशा. मार्कांकडे तिनं बघितलंच नाही. तो प्रश्न शोधला, शंभरपुढची बरोबरची खूण पाहिली.

“हे काय गं?”

“सरांना शंभरच पाहिजे होतं,” निशा म्हणाली.

आता ही सरांना शिव्या घालणार, पोरीला धपाटा देणार, असं धरून मी उभी होते. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, “वर्गावर तुम्हीच होता ना?”

“हो.”

“सरांचं सोडा. तुम्हाला तर मी मोजून दाखवलं होतं, बाई.”