वल्लाखेडचं नाव

बार्शीटाकळीच्या एसटीत शेजारी एक आजोबा होते. बोलताना डोक्याचा दुपट्टा सोडायचे अन् पुन्हा बांधायचे. त्यांच्या वल्लाखेडचं, म्हणजे ओल्या खेड्याचं, नाव बदलायचा ठराव त्या दिवशी ग्रामसभेत होता. तो पाडायला ते निघाले होते.

मी घरातला पहिला पदवीधर. गावाचा इतिहास कुणीही सांगितला, तरी आदराने ऐकतो.

"अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, तवा इंग्रज साहेब लोक मिळंल तो कापूस घेत," ते म्हणाले. "आमच्या लोकायनं वजनासाठी गाडीभर कापसावर पानी शिंपडलं. साहेबाच्या अमरावतीच्या दलालानं कापूस मुठीत दाबला, त कोपरापर्यंत वल्ला झाला. त्यानंच हे नाव ठेवलं. आता पोरायले लाज वाटते. लक्ष्मीनगर पायजे म्हनतात."

"मग लबाडीचं नाव कशाला जपता, आजोबा?"

"साहेबाले फसवलं, भाऊ. असं गाव दाखव दुसरं."

"आणि ठराव मंजूर झाला तर?"

"होऊ दे. लक्ष्मीनगर नाव कसं पडलं, हे लोकं कोनाले विचारतीन? मलेच. अन् ते गोष्ट मी याहून वाईट सांगीन."

वर्षभराने पुन्हा त्या रस्त्याने गेलो, तेव्हा पाटीवर वल्लाखेडच होतं.