लेखी द्या, साहेब

मावशी सकाळी सातला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरायची, ती पाण्याचा घोटही न घेता. एकोणीस वर्षं हाच नेम. तिसऱ्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह ती दिवसातून चारदा घासायची, असं की फरशीत तोंड दिसावं. पण ते प्राध्यापिकांसाठी. सफाईच्या बायकांनी जायचं मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दाराला आतून कडी नव्हती. म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत.

शेवटी मुतखड्याने तिला आडवं पाडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज तीन लिटर पाणी प्यायचं."

"आणि ते पिऊन जायचं कुठे?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळला नाही. मावशीला मात्र स्वतःचा राग आला. हे आपण आजवर कुणालाच कसं विचारलं नाही?

कामावर परतली ती भली मोठी बाटली घेऊन. बाराच्या सुमारास तिने बादली बाहेर ठेवली, आत जाऊन कडी लावली. हात धुऊन बाहेर येते तर समोर अधीक्षक.

"मावशी, हे स्टाफसाठी आहे."

"मग मी कोण, पाहुणी?"

"वाद नको. नियम आहे तो."

"मग लेखी द्या, साहेब. जी घासते तिने वापरायचं नाही, असं लिहा आणि खाली सही करा. भिंतीवर मी चिकटवते."

साहेब आल्या पावली मागे फिरले. विद्यापीठात नुकतीच समानता समिती नेमली होती आणि तिचे सचिव खुद्द हेच!

मावशीची थोरली जाऊ विद्यापीठाच्याच कार्यशाळेच्या इमारतीत झाडलोट करायची. संध्याकाळी ती समजवायला आली. "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"जाऊबाई, आपण पाणी पितच नाही, मासे कुठले?"

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं. प्राध्यापिकांना एकेक किल्ली मिळाली. घासण्यापुरती एक मावशीलाही. तिने ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. "जे माझं नाही, ते मी घासणार नाही."

तीन दिवसांत मजल्यावर नाकाला रुमाल लावायची वेळ आली. एक वयस्कर प्राध्यापिका तणतणत आल्या. कारण कळल्यावर वरमल्या. "मला वाटलं, तुमची वेगळी सोय असेल."

"आहे की. चला, दाखवते."

भर उन्हात मावशी त्यांना मैदानापलीकडे घेऊन गेली. "जा आत. मी बाहेरून दार धरते."

बाईंनी आत डोकावलं. मग मागे वळून पाहिलं, तर शंभर मुलं क्रिकेट खेळत होती. त्या आत गेल्या नाहीत. तडक कुलगुरूंच्या दालनात गेल्या.

कुलूप निघालं. साहेबांनी मात्र डूख धरला आणि मावशीची बदली कार्यशाळेत केली. काम नाकारल्याचा ठपका कागदावर आला. तो लिहायला त्यांना अडचण पडली नाही. आपल्या हाताने चकचकीत ठेवलेला मजला सोडताना तिचा जीव तुटला.

पण कार्यशाळेत पहिल्याच दुपारी तिने तिथल्या चौघींना पोटभर पाणी पाजलं आणि स्टाफच्या दारासमोर रांगेत उभं केलं. आतून एक कारकून बाई बाहेर आली, रांगेकडे बघतच राहिली.

"काय बघता?" मावशी म्हणाली. "आम्हीही स्टाफच आहोत."

रांगेत शेवटी थोरली जाऊ होती. ती सारखी मागे वळून बघत होती, पण रांग काही तिने सोडली नाही.