गुणवंतच्या नंबरवरची माणसं

मी पेशंटला फोन लावला आणि रिंग आमच्याच वेटिंग हॉलमध्ये वाजली.

काउंटरला टेकून गुणवंतभाऊ उभे होते. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात गाडीची किल्ली. त्यांनी मोबाइलवर माझं नाव पाहिलं आणि केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, इथंच तं आहो मी. फोन काहून लावून राहिल्या?"

माझ्या स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे लाल चौकोन लुकलुकत होता. पोटॅशियम सात पॉइंट एक. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. साडेतीन ते पाच असला तर ठीक. सातच्या वर गेला की हृदयाचे ठोके कधीही बिघडतात, थांबूही शकतात. असा माणूस दिसायला फक्त थकलेला दिसतो. गुणवंतभाऊ तर थकलेलेही दिसत नव्हते.

"सकाळी रक्त कशासाठी दिलं?"

"मी? मले सुई पाहूनच चक्कर येते. मी काहून देईन रक्त?"

म्हणजे रक्त दुसऱ्याच कोणाचं होतं. तो दुसरा माणूस नागपुरात कुठेतरी हिंडत होता आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. आमचं क्लिनिक दोघांचं. माझे सीनिअर पार्टनर बोरकुटे सर आणि मी. पेशंटची सगळी माहिती सॉफ्टवेअरमध्ये असते. आधीचे आजार, चालू गोळ्या, रिपोर्ट. सकाळी घेतलेलं रक्त लॅबवाले घेऊन जातात आणि दुपारी रिपोर्ट थेट पेशंटच्या फाइलमध्ये येतो. फाइल उघडायची ती मोबाइल नंबरवरून. काउंटरवर नंबर टाकला की त्या नंबरवरची नावं दिसतात. त्यातलं बरोबर नाव निवडायचं.

गुणवंतभाऊ दर मंगळवारी पारशिवनीकडच्या गावांतून गाडी भरून पेशंट आणतात. कोणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कोणी दातांच्या, कोणी आमच्याकडे. त्यातल्या निम्म्यांकडे फोन नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना शेतात रेंज नाही. म्हणून भाऊ सगळ्यांसाठी स्वतःचा नंबर देतात. रिपोर्ट त्यांच्या व्हॉट्सअॅपवर येतो आणि ते घरोघरी जाऊन दाखवतात. काउंटरवर बोलतातही तेच. पेशंट बाकावर बसून राहतो आणि भाऊ त्याचं नाव, वय, दुखणं सगळं सांगून मोकळे होतात. आम्हालाही ते सोयीचं होतं. पटापट काम उरकायचं.

त्या दिवशी लग्नसराईची गर्दी होती. रिसेप्शनवरच्या वैशालीने नंबर टाकला, पहिलं नाव आलं ते गुणवंतभाऊंचं, आणि फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता तिने एंटर दाबलं. त्याच नावाचं लेबल निघालं आणि रक्ताच्या बाटलीवर चिकटलं.

"भाऊ, आज आमच्याकडे कोण कोण आलं?"

"लक्ष्मणराव, त्यायची बायको, आन सरस्वतामावशी."

लक्ष्मणराव आणि त्यांच्या बायकोचे रिपोर्ट त्यांच्या त्यांच्या नावावर आले होते. दोन्ही नॉर्मल. मी सरस्वतामावशींची फाइल उघडली. आजची नोंदच नव्हती. मागची नोंद होती, माझीच. हृदयाला आराम पडावा म्हणून एक गोळी सुरू केली होती. या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून खाली लिहिलं होतं, पुढच्या वेळी रक्त तपासणे. आज मावशींना सरांनी तपासलं होतं; ही फाइल उघडली असती तर त्यांना ते दिसलं असतं. सरांसमोर उघडली होती ती गुणवंतभाऊंची कोरी फाइल, आणि गर्दीत वरचं नाव त्यांनीही पाहिलं नाही.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. समोर पेशंट होता तरी गेले आणि झालेला घोळ सांगितला.

"ती बारीकशी म्हातारी?" सर म्हणाले. "थकवा म्हणाली, पाय जड झाले म्हणाली. मी रक्त सांगितलं. अगं, कधी कधी काढतानाच रक्त खराब होतं आणि पोटॅशियम उगाच जास्त येतं. पुन्हा तपासून घे."

"तपासते सर. पण त्या आहेत कुठे?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "जा तू. तुझे पेशंट मी बघतो."

मावशी गांधीबागेत होत्या, भाऊंनी सांगितलं. नातीचं लग्न ठरलं होतं, सून सोबत होती, आणि दवाखान्याच्या फेरीतच साड्यांची खरेदी उरकायची होती. सुनेचा नंबर भाऊंकडे होता. लावला तर नुसती रिंग. कापडाच्या बाजारात पर्समधला फोन कोणाला ऐकू येणार?

भाऊंची गाडी त्या गल्ल्यांत शिरली नसती. माझ्या स्कूटीवर मागे ते बसले आणि आम्ही निघालो. मी आयुष्यात इतके हॉर्न वाजवले नसतील. पुढे हातगाडी, तिच्यापुढे कापडाच्या गठ्ठ्यांचा रिक्षा, आणि कोणाला म्हणून घाई नाही. मला सगळ्यांचा राग येत होता. वैशालीचा, सॉफ्टवेअरचा, मागे बसून "डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या" करणाऱ्या भाऊंचा.

"दुकान कोणतं?"

"गल्ली मालूम आहे. दुकान नाही मालूम."

एकेका दुकानात डोकावत गेलो. प्रत्येक गादीवर म्हाताऱ्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पदर. भाऊ दारातून हाक मारायचे, आत सगळ्या माना वळायच्या, आणि त्यांत आमची मावशी नसायची. एका दुकानदाराने मला आग्रहाने आत बोलावलं, नवी डिझाइन दाखवतो म्हणाला. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मावशी सापडल्या त्या एका जिन्याखालच्या दुकानात. भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, मांडीवर जांभळी साडी, आणि हातात नारळपाणी. सुनेने शहाळं तोंडापाशी धरलं होतं.

मी ते हिसकावून घेतलं. सून दचकली.

"काहून वं बाई? थकल्या म्हणून पाजून राहिली ना मी."

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. तिला हे कसं माहीत असणार? थकल्या माणसाला आपण सगळे हेच देतो.

"मावशी, चला. आत्ताच्या आत्ता."

"थांबा ना डाक्टरीनबाई. पोरीची साडी झाली का येतो."

"साडी मी आणून देतो मावशी," भाऊ म्हणाले. "तू ऊठ पहिले."

"तुले रंग समजते का गा?"

पण उठताना त्यांचे पाय वाकले. त्यांनी भाऊंचा हात धरला. दुकानदाराने रिक्षा थांबवला.

क्लिनिकमध्ये आधी ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. एरवी बुटक्या टेकड्यांसारख्या दिसणाऱ्या रेषा टोकदार झाल्या होत्या. रक्त खराब झालं नव्हतं. रिपोर्ट खरा होता. सरांनी पट्टी पाहिली आणि स्वतःच कॅल्शियमचं इंजेक्शन भरलं. त्याने हृदयाला तात्पुरतं संरक्षण मिळतं. मी मॉनिटरकडे बघत उभी होते. रेषा हळूहळू पुन्हा रुंद, बुटक्या झाल्या. नंतर अॅम्ब्युलन्सने त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे उलगडा झाला. माझ्या गोळीच्या जोडीला मावशी गुडघ्यासाठी गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या. दोन्हींनी मिळून किडनी थकवली होती. गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागलं, मावशी सुधारल्या. साडी शेवटी सुनेने आणली. रंग मावशींना आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला.

"मॅडम, एंटर तुमच्या स्टाफने दाबलं," तिकडचा माणूस म्हणाला.

"दाबलं. पण नंबर टाकला की तुमचं सॉफ्टवेअर पहिलं नाव आपोआप निवडून ठेवतं. का?"

"फास्ट व्हावं म्हणून. एक नंबर म्हणजे एक फॅमिली, असं डिझाइन आहे."

"आमच्याकडे एक नंबर म्हणजे एक गाडी असते."

तो म्हणाला, बदलाची रिक्वेस्ट टाकतो. ती अजून टाकलेलीच आहे.

आम्ही वाट पाहिली नाही. काउंटरचा नियम बदलला. पेशंटने स्वतः खिडकीशी यायचं, स्वतःचं पूर्ण नाव आणि वय सांगायचं, मगच फाइल उघडायची. चालता येत नसेल तर वैशालीने बाकापाशी जायचं. नंबर कोणाचाही चालेल, तोंड पेशंटचंच हवं. गुणवंतभाऊ कुरकुरले. "मॅडम, अशानं तं संध्याकाळ होईल. बाया बोलत नाहीत कोणापुढं."

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. पहिले काही मंगळवार खोळंबा झाला. बाया पदर तोंडाशी धरायच्या आणि भाऊंकडे बघायच्या. बाकीचे पेशंट माझ्यावर वैतागायचे, मी वैशालीवर.

मग मावशी तपासणीला आल्या. लग्न होऊन गेलं होतं. माझ्या केबिनचं दार उघडं होतं. वैशालीने विचारलं, "नाव काय आजी?"

सवयीने भाऊच बोलले, "लिहा, सरस्वता..."

मावशींनी त्यांचा दंड धरून बाजूला सारलं.

"गप गा. मले विचारून राहिली ते." मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

वैशालीने नंबर टाकला, यादी वाचली, आणि सहावं नाव निवडलं.